घराचं काम आणि कंत्राटदाराशी वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात आमच्याकडे येणाऱ्या दहा पत्रांपैकी निम्म्या पत्रांची सुरुवात एकच असते : "गणपतीच्या आधी काम पूर्ण करून देतो म्हणाला होता." पुढे गणपती येतात, जातात, आणि हॉलमध्ये सिमेंटच्या गोण्या तशाच पडून राहतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या घरमालकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, तरी बहुतेक मूळ कायदे देशभर तेच आहेत.

१. कंत्राटदाराशी लेखी करार केलेला नाही, सगळं तोंडी ठरलं. माझी केस उभी राहते का?

राहते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो. खरी अडचण असते ती काय ठरलं होतं हे दाखवण्याची. वहीच्या पानावर त्याने खरडलेलं कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दरांचा फोटो, "उद्या ५० हजार टाका, लादी उचलायची आहे" हा मेसेज आणि त्याच दिवशी गेलेलं यूपीआय पेमेंट असं सगळं एकापुढे एक लावलं की करार दिसू लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट काढून थांबू नका. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ फोन जपा. दिवाणी न्यायालयात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोग एवढा काटेकोर नसतो, पण प्रमाणपत्र जोडल्याने बिघडत काहीच नाही. रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल, तर आजच एक साधा मेसेज करा : "आजपर्यंत एकूण ३ लाख ४० हजार दिले, बरोबर ना?" वाद पेटायच्या आधी या मेसेजला बहुतेक जण "हो" म्हणतात.

२. ग्राहक आयोगात जाऊ की दिवाणी न्यायालयात?

स्वतःच्या घराचं काम पैसे देऊन करून घेतलं असेल तर तुम्ही ग्राहक आहात. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात १९९३ साली स्पष्ट केलं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येतच घरबांधणी आहे, आणि दुरुस्ती, रंगकाम, फर्निचर ही कामंही सेवा म्हणूनच येतात. बहुतेकांना आम्ही आयोगच सुचवतो. खर्च कमी, आणि मराठीत स्वतः लिहून दिलेली तक्रारही चालते.

दिवाणी न्यायालय बरं पडतं ते आकडेमोड फार गुंतागुंतीची असेल, बरेच साक्षीदार तपासायचे असतील किंवा आयोगाची मुदत उलटून गेली असेल तेव्हा. तिथे मुदत साधारणपणे करारभंगापासून तीन वर्षांची असते.

३. आयोगात मुदत किती, फी किती आणि वकील लागतोच का?

वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. नोटीस पाठवली की मुदत नव्याने सुरू होते हा समज फार पसरलाय आणि तो चूक आहे. दर सहा महिन्यांनी वकिलाची नोटीस पाठवत राहिलेले आणि शेवटी दाराबाहेर राहिलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

तुम्ही दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. इथे मोजायची ती कंत्राटदाराला दिलेली रक्कम. तुम्ही मागत असलेली भरपाई त्यात धरायची नाही. पाच लाखांपर्यंत फी शून्य, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते. त्याआधी समेटाचा प्रयत्न करायचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

नाव मात्र नीट लिहा. व्हिजिटिंग कार्डावरचं "अमुक एंटरप्रायझेस" ही बहुतेक वेळा एकट्या माणसाची पेढी असते. मग प्रोप्रायटर म्हणून त्या माणसाचं नाव आणि राहता पत्ता घालायलाच हवा. नाहीतर नोटीस गाळा बंद असल्याच्या शेऱ्यासह परत येते.

४. अर्धं काम टाकून कंत्राटदार गायब झालाय. दुसऱ्याला लावून काम संपवू का?

संपवा, पण आहे त्या कामाची नोंद झाल्याशिवाय दुसऱ्याचा हातोडा पडू देऊ नका. या एका चुकीने जितक्या तक्रारी पांगळ्या होतात तितक्या दुसऱ्या कशाने होत नाहीत. हे मी स्वतःच्या स्वयंपाकघरात शिकलो. पहिला कंत्राटदार ओट्याचं ग्रॅनाइट उताराशिवाय बसवून गेला होता, पाणी सिंकऐवजी गॅसकडे यायचं. मी वैतागून दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं, त्याने दोन तासांत ओटा उखडला. महिन्याभराने पहिल्याला नोटीस दिली तेव्हा त्याचं उत्तर होतं, "माझा ओटा सरळ होता, तुमच्या माणसाने फोडला." माझ्याकडे लेव्हल लावलेला एक फोटोही नव्हता.

क्रम असा ठेवा. आधी स्पीड पोस्टाने नोटीस, सोबत तीच व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर : काय काम बाकी आहे, काय चुकलंय, किती दिवसांत दुरुस्त करायचं (पंधरा दिवस पुरेसे असतात), आणि न केल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन फरक त्याच्याकडून वसूल केला जाईल. त्याच नोटिशीत पाहणीची तारीख आणि वेळ द्या आणि त्याला हजर राहायला सांगा. त्या दिवशी तो येवो न येवो, स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा आर्किटेक्टला बोलावून खोलीवार अहवाल घ्या. फोटोत मोजपट्टी दिसू द्या. सोसायटीचे सचिव किंवा शेजारी साक्षीला उभे केले तर उत्तम. पडून असलेल्या मालाची यादीही करा : किती गोण्या, किती पेट्या लादी, किती शीट प्लाय.

मग दुसऱ्या कंत्राटदाराची दोन-तीन कोटेशनं घेऊन काम सुरू करा. करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली मागता येतो तो हा जास्तीचा खर्च. पण तिथेच एक अट आहे : नुकसान कमी ठेवण्यासाठी तुम्हीही वाजवी प्रयत्न करायला हवेत. मूळ करार साध्या लादीचा होता आणि तुम्ही इटालियन मार्बल बसवला, तर तो फरक मिळणार नाही.

झालेलं काम फोडणं परवडण्यासारखं नसेल आणि तो हजरच राहणार नाही अशी खात्री असेल, तर आयोगाकडे कमिशनर (पाहणी करणारा तज्ज्ञ) नेमून पाहणी करायची मागणी आधीच करता येते.

५. बिलात माप फुगवलंय असं वाटतं. कसं ताडायचं?

टेप घेऊन बसायचं, दुसरा उपाय नाही. भांडण बहुधा दरावरून होत नाही, काय मोजायचं यावरून होतं. भिंतीतल्या कपाटाचं उदाहरण घ्या : ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २ फूट खोल. दर समजा चौरस फुटाला १,४०० रुपये. दर्शनी माप धरलं तर ४२ चौ. फूट, म्हणजे ५८,८०० रुपये. कंत्राटदाराने दोन्ही बाजूंच्या पाट्याही मोजल्या तर त्यांचे आणखी २८ चौ. फूट होतात आणि बिल ९८,००० वर जातं. कपाट तेच, दर तोच, फरक ३९,२०० रुपयांचा. फर्निचरच्या कोटेशनमध्ये "दर्शनी माप" हे दोन शब्द असायलाच हवेत ते याचसाठी.

रंगकाम आणि प्लास्टरला दारं-खिडक्यांची वजावट हा ठरलेला वाद. बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक आयएस १२०० आहे. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे साडेपाच चौ. फूट) उघड्या जागेची वजावट करत नाहीत. म्हणजे एक्झॉस्ट फॅनच्या भोकासाठी भांडू नका, पण ५ बाय ४ च्या खिडकीसाठी जरूर भांडा. करारात "मोजमाप आयएस १२०० प्रमाणे" असं लिहिलं असेल तर निम्मा वाद तिथेच मिटतो. लिहिलं नसेल तर त्या भागातला रिवाज आणि तुमच्या आधीच्या बिलांची पद्धत पाहिली जाते. पहिली दोन रनिंग बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारी) तुम्ही न बोलता भरली असतील, तर तिसऱ्यात तीच पद्धत नाकारणं जड जातं.

६. "एक्स्ट्रा काम" म्हणून लाखभर रुपये मागतोय. द्यावेच लागतील का?

तुम्ही सांगितलेलं किंवा पाहून स्वीकारलेलं काम असेल तर वाजवी मोबदला द्यावा लागतो. लेखी मंजुरी नसली तरीही. फुकट करायच्या हेतूने न केलेलं काम तुम्ही वापरत असाल तर करार अधिनियमाचं कलम ७० त्याच्या बाजूने उभं राहतं. "मी सही कुठे केली होती?" एवढ्यावर सुटका नाही. पण मूळ कामातच येणारी गोष्ट, उदाहरणार्थ लादीखालचा मसाला किंवा जुनी लादी काढल्याचं डेब्रिज, वेगळी लावली असेल तर कोटेशन दाखवून नाकारा. मागणी थेट फेटाळण्यापेक्षा बाबवार उत्तर द्या : ही मान्य, ही अमान्य, हिचा दर जास्त.

७. मरीन प्लाय सांगून साधा प्लाय लावलाय. सिद्ध कसं करू?

मरीन प्लायचं मानक आयएस ७१०, साध्या कामाच्या प्लायचं आयएस ३०३. शीटवर छाप असतो, पण सनमायका चिकटल्यावर तो झाकला जातो. म्हणून माल उतरतो त्याच दिवशी छापाचा फोटो आणि दुकानाच्या बिलाची प्रत घ्या. काम झाल्यानंतर संशय आला तर ट्रॉलीच्या मागची पाटी किंवा कपाटाची पाठ काढून तुकडा प्रयोगशाळेत तपासता येतो. मात्र तुकडा स्वतः पाठवण्याऐवजी आयोगामार्फत पाठवायची मागणी करा, नाहीतर "हा माझा मालच नाही" हे उत्तर ठरलेलं आहे.

८. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, तरी खालच्या घरात गळतंय. खालचे माझ्यावर ओरडतात, कंत्राटदार सोसायटीच्या पाइपाकडे बोट दाखवतो.

ही दोन वेगळी भांडणं आहेत. खालच्या शेजाऱ्यांचा तुमच्या कंत्राटदाराशी काही करार नाही, ते तुमच्याकडेच येणार. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूम-सिंकमधली आतली गळती संबंधित सदनिकाधारकांनी दुरुस्त करायची. गच्ची, पावसाचं पाणी, बाहेरचे सामाईक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चाने. त्यांचं छत तुम्ही दुरुस्त करून दिलंत तर तो खर्च कंत्राटदाराकडून नुकसान म्हणून मागा.

आधी कारण शोधा. ड्रेनचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी साठवून दोन दिवस ठेवा, खालचं छत पाहा. मग सामाईक पाइपात रंगीत पाणी सोडून पाहा. हीच पाणी भरून ठेवायची चाचणी कोब्यानंतर आणि लादी बसवण्याआधी करायची असते. ती न करता लादी ठोकली असेल तर तोच त्याच्या निष्काळजीपणाचा चांगला पुरावा ठरतो. "पाच वर्षांची गॅरंटी" तोंडी दिली असेल तर पुन्हा प्रश्न १ कडे.

९. पोलिसांत ४२० लावता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, रागाच्या भरात. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे, विश्वासघाताचं ३१६. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच फसवायचा हेतू असावा लागतो. काम सुरू केलं, निम्मं केलं आणि मग रखडवलं, हा सहसा दिवाणी वाद असतो. खोटा पत्ता, एकाच महिन्यात आठ-दहा घरांतून अ‍ॅडव्हान्स घेऊन एकाही ठिकाणी माणूस न पाठवणं, लादीसाठी दिलेले पैसे दुकानात न पोचता खोटं बिल दाखवणं, असं असेल तर जरूर तक्रार द्या, शक्यतो बाकीच्या घरांसोबत. पण पोलीस ठाण्यात खेटे घालताना प्रश्न ३ मधली दोन वर्षं निघून जातात हे लक्षात असू द्या.

१०. शेवटचं बिल मी अडवलं, तर तो चावी देत नाही. लावलेल्या ट्रॉल्या काढून नेईन म्हणतो.

घरावर त्याचा कसलाही ताबा नाही. चावी कामापुरती दिलेली असते. कुलूप बदला, पण बदलताना साक्षीदार ठेवा आणि आत असलेल्या त्याच्या हत्यारांची यादी करून त्याला कळवा. ड्रिल, कटर, घोडे ही त्याची मालमत्ता आहे आणि ती अडवून ठेवणं तुमच्यावरच उलटेल. भिंतीला बसलेलं, घराचा भाग झालेलं काम त्याला उपटून नेता येत नाही. पैसे थकले असतील तर त्याने दावा लावावा.

तुम्हीही प्रमाण सांभाळा. २० हजारांच्या दोषासाठी दोन लाख अडवले तर आयोगासमोर तुमचीच बाजू पातळ होते. दोषाची रक्कम धरून ठेवा, बाकीचे द्या, आणि का धरले ते लिहून कळवा.

११. कंत्राटदार पळाला, आता त्याचे सुतार माझ्या दारात मजुरी मागतायत.

त्यांचा व्यवहार कंत्राटदाराशी आहे, त्यामुळे मजुरीची मागणी मुळात त्याच्यावरच जाते. पण चार माणसं महिनाभर तुमच्याच घरात राबली, हेही खरं. थेट द्यायचे ठरवलंत तर कंत्राटदाराला आधी मेसेज करा, दिलेली रक्कम त्याच्या हिशोबातून वजा करत असल्याचं लिहा आणि प्रत्येकाकडून तारखेसह सही घ्या. जाताजाता त्यांना मागच्या मालाबद्दल विचारा. काय लावलं आणि काय लपवलं हे सुताराइतकं कोणालाच माहीत नसतं.

१२. अ‍ॅडव्हान्स परत म्हणून दिलेला त्याचा चेक वटला नाही.

इथे घड्याळ कडक आहे. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे भरायला, त्यानंतर एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली तक्रार. ग्राहक तक्रार त्यासोबत वेगळी चालू शकते.

१३. मोठ्या इंटिरिअर कंपनीच्या करारात "वाद लवादाकडे, तोही बंगळूरला" असं छापलंय.

घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं. २०१९ च्या कायद्याने तर तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातच तक्रार करायची मुभा दिली आहे. एक खाच आहे : करारातल्या अटीच एकतर्फी आहेत, "अनुचित करार" आहे असं जाहीर करून हवं असेल तर ती तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. फक्त कामातली त्रुटी असेल तर जिल्हा आयोग पुरे.

१४. रेरामध्ये तक्रार चालेल का?

इंटिरिअर किंवा दुरुस्तीच्या कंत्राटदाराविरुद्ध नाही. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा कायदा, बिल्डरसाठी आहे. नव्या फ्लॅटच्या मूळ बांधकामात किंवा कारागिरीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दोष दिसला तर बिल्डरला कळवा. त्याने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचं असतं. मात्र मधल्या काळात तुम्ही तीच भिंत फोडून घेतली असेल तर बिल्डर तेच कारण पुढे करेल.

१५. घर रत्नागिरीला, मी ठाण्यात. किंवा : मी दुबईत, काम पुण्याच्या फ्लॅटचं.

ठाण्यातच तक्रार करा, प्रश्न १३ मधली राहत्या जागेची सवलत इथेही लागू आहे. फक्त पाहणी गावच्या घरात होणार, तेव्हा तिथे कोणीतरी हजर हवं. परदेशातून असाल तर काम पुण्यात झालं म्हणून पुण्याच्या आयोगात, नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन. सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी असा अर्जही करता येतो.

१६. डिझायनरनेच कंत्राटदार आणला. जबाबदार कोण?

दोघांनाही पक्षकार करा. डिझायनरने देखरेखीची फी घेतली असेल तर "मी फक्त ड्रॉइंग दिलं" ही सबब टिकत नाही. ती व्यक्ती नोंदणीकृत आर्किटेक्ट असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे गैरवर्तणुकीची वेगळी तक्रार करता येते. इंटिरिअर डिझायनरसाठी अशी कायदेशीर परिषद नाही.

१७. फ्लॅट भाड्याने दिलाय किंवा काम दुकानाचं होतं. तरीही ग्राहक?

व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीचा वापर व्यापारी धरत नाहीत. स्वतः चालवत असलेलं छोटं किराणा दुकान बसू शकतं, शोरूमची साखळी नाही. एकच फ्लॅट भाड्याने दिला म्हणून तुम्ही आपोआप व्यापारी होत नाही, पण समोरचा हा मुद्दा काढणारच. उत्तर तक्रारीतच लिहून टाका.

१८. मीच कंत्राटदार आहे. मालक राहायला गेले, शेवटचे दीड लाख देत नाहीत.

तुम्ही ग्राहक नाही, त्यामुळे आयोग नाही. काम झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व लोकअदालतीचा अर्ज करून पाहा. तिथल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. मालकाने आयोगात तक्रार केलीच तर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायलाच हवं. ४५ दिवसांनंतर ते घेतलं जात नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलं.

१९. त्याने मधली भिंत पाडली, आता महापालिकेची नोटीस माझ्या नावाने आली.

येणारच. परवानगीशिवायच्या बांधकामाची एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखालची नोटीस मालकाला लागते. "मला तो म्हणाला परवानगी लागत नाही" हे पालिकेला पुरत नाही, कंत्राटदाराविरुद्ध मात्र उपयोगी पडतं, मेसेजमध्ये असेल तर. उलट बाल्कनी किंवा मोकळी जागा बेकायदा बंद करायला तुम्हीच सांगितलं असेल, तर त्या कामाचे पैसे परत मागताना अडचण येते. बेकायदा कामाचा करार न्यायालय अमलात आणत नाही.

२०. आदेश माझ्या बाजूने लागला, तरी पैसे देत नाही.

आधी अपिलाची मुदत पाहा : जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवस, आणि पैसे भरायचा आदेश असेल तर अपील करताना त्याला निम्मी रक्कम जमा करावी लागते. अपील नसेल तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज द्या. आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते, बँक खातं, गाडी, गाळा यांवर टाच आणता येते. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७२ खाली दुसरा अर्ज करता येतो, त्यात शिक्षा एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. आमच्या अनुभवात पैसे निघतात ते बहुधा या दुसऱ्या अर्जाचं समन्स त्याच्या घरी पोचल्यावर. म्हणून प्रश्न ३ मधला राहता पत्ता इथे पुन्हा लागतो.